तार तुटली, तर उपाशी कोणी राहायचे?

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द गेल्या काही वर्षांत आपल्या भाषेत असे काही रुजले आहेत की, पूर्वी ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द जे काम करीत, ते सारे काम आता हे तीन शब्द करतात. रेशनच्या दुकानात, तलाठ्याच्या दारात, बँकेच्या खिडकीशी, शाळेच्या कार्यालयात, जेथे जावे तेथे हे शब्द ऐकू येतात. आणि ऐकणारा पिशवीची घडी काखेत मारून मुकाट्याने घरी परततो. भांडत कोणी नाही. पाऊस पडला म्हणून कोणाशी भांडावे? तसेच सर्व्हर पडला म्हणून कोणाशी भांडावे?

ह्या मुकाटपणाशीच मला भांडावयाचे आहे. सर्व्हर पडणे ही दैवी आपत्ती नव्हे. यंत्र म्हटले की ते बिघडणारच, तार म्हटली की ती तुटणारच. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु तार तुटल्यावर कोणाचे काम चालू राहावे आणि कोणाचे थांबावे, हे कोणीतरी माणसाने टेबलाशी बसून, कागदावर चौकोन आणि बाण काढून, आधीच ठरवलेले असते. दूरदूरची यंत्रे एकमेकांना जोडून त्यांचे जाळे विणणारा हा जो आराखडेकार, त्याला आपण कधी जाब विचारीत नाही. कारण तो आपल्याला दिसत नाही. आपल्याला दिसतो तो बिचारा दुकानदार.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोटासाठी मुलांना शिकवतो आणि हौसेखातर कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाने संगणकाच्या जाळ्यांवर लिहावे, हे पुष्कळ विद्वानांना रुचणार नाही. पण घराचा आराखडा चुकला हे सांगायला गवंडीच असावे लागते, असे थोडेच आहे? ज्याच्या अंथरुणावर गळते, त्याला ते सर्वांत आधी कळते.

मी मिरजोळ्यात राहतो. रत्नागिरी शहर आम्हांला हाकेच्या अंतरावर, गावातच औद्योगिक वसाहत. म्हणजे आम्ही काही रानात राहत नाही. तरीही आषाढातली एक जोराची झड आली की वीज जाते, थोड्या वेळाने टॉवर मुका होतो आणि मोबाइलच्या कोपऱ्यातल्या रेघा एकेक करून मावळतात. आमची ही गत, तर संगमेश्वर, लांजा, राजापूर ह्या तालुक्यांत डोंगरांच्या घळींत वसलेल्या वाड्यांची गत काय असेल, ती वाचकांनीच ताडावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या कित्येक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. तार तुटते ती नेमकी अशा वेळी, आणि घरातले धान्य भिजते तेही नेमके अशाच वेळी! हा योगायोग नव्हे. एकाच वादळाची ती दोन कामे आहेत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका रेशनच्या दुकानात मी उभा होतो. पुढे एक म्हातारी. जन्मभर शेतात नि भांड्याधुण्यात झिजलेला अंगठा तिने मशीनवर चार वेळा टेकवला. पहिल्या दोन खेपांना मशीनने तिला ओळखले नाही, पुढच्या दोन खेपांना मशीनला रेंज मिळाली नाही.

‘आजी, आज नाय व्हायचं. उद्या बघू,’ दुकानदार म्हणाला.

‘अरे, काल पण तू उद्याच म्हणालास. तांदूळ तर हे पुढ्यात दिसतायत. मला तू वळखतोस. मग अडवतंय कोण?’

दुकानदाराने उत्तर दिले नाही. त्याच्यापाशी ते नव्हतेच. मला मात्र वाटते की, जाळे विणणाऱ्या साऱ्या पंडितांना पुरून उरेल असा हा प्रश्न आहे. तांदूळ येथे, माणूस येथे, ओळख येथे. मग अडवतंय कोण? अडवते ती परवानगी. तेवढी एक वस्तू ह्या गावात ठेवलेली नाही.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांनी एकत्र कुटुंबे पाहिली असतील. अशा एखाद्या घरात कोठीच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला असत. सून सुगरण, चूल पेटलेली, मुले भुकेलेली; पण सासूबाई कीर्तनाला गेल्या आहेत आणि किल्ल्या त्यांच्याबरोबर गेल्या आहेत. आमच्या रेशनच्या यंत्रणेची रचना ही अशी किल्लीची रचना आहे. अंगठा टेकला की प्रश्न निघतो तो मोबाइलच्या टॉवरवर, तेथून राज्याच्या संगणकाकडे, तेथून आधारच्या भांडाराकडे. आणि होकार त्याच वाटेने उलटा परत येतो. आम्ही शाळेत मुलांना गुणाकार शिकवतो, तो येथे उपयोगी पडावा. समजा, ह्या साखळीत पाच कड्या आहेत आणि प्रत्येक कडी शंभरांत पंचाण्णव वेळा ठीक चालते. पंचाण्णव म्हणजे उत्तम गुण! पण पाचही कड्या एकाच वेळी ठीक असण्याचा योग शंभरांत सुमारे सत्त्याहत्तर वेळाच येतो. उरलेले तेवीस जण रिकामी पिशवी घेऊन परततात. प्रत्येक कडीचा राखणदार छातीवर हात ठेवून सांगतो की, माझी कडी चोख आहे. आणि तो खोटे बोलत नसतो! दोष कडीचा नाही. साऱ्या कड्या एकामागे एक ओवून त्यांच्या टोकाला गरिबाचे ताट टांगणाऱ्या रचनेचा तो आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘मास्तर, यंत्रे अशीच असतात.’ मुळीच नाही. दूरची यंत्रे जोडण्याचे शास्त्र जन्मले तेच ह्या रचनेविरुद्ध बंड म्हणून. अमेरिकेत रँड नावाच्या संस्थेत पॉल बॅरन नावाचे एक अभियंते होते. अणुबाँब पडून मधले केंद्रच उद्ध्वस्त झाले तरी संदेश पोहोचावेत कसे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. १९६४ साली त्यांनी आपले अहवाल प्रसिद्ध केले. त्यांत तीन प्रकारची जाळी त्यांनी काढून दाखवली होती. पहिल्यात सारे धागे एकाच मधल्या गाठीला बांधलेले, दुसऱ्यात काही मोठ्या गाठींना, आणि तिसरे कोळ्याच्या पागासारखे: कोणतीही एक गाठ सुटली तरी जाळे फाटत नाही. आजचे इंटरनेट ह्या तिसऱ्या चित्राच्या वंशातले. म्हणजे पाहा, केंद्रावाचून टिकून राहावे म्हणून जे जाळे कल्पिले गेले, त्याच जाळ्यावर आम्ही पुन्हा एकखांबी तंबू उभा केला आहे, आणि खांब हलला की कपाळाला हात लावतो आहोत!

ह्या शास्त्रात एक सिद्धान्त आहे. तो २००० साली बर्कले येथील प्राध्यापक एरिक ब्रूअर यांनी मांडला आणि २००२ साली सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी गणिताने सिद्ध केला. नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. वाण्याच्या दुकानात तो समजतो. एका वाण्याची दोन दुकाने आहेत आणि दोन्हीकडे उधारीची एकेक वही. दोन्ही वह्या तंतोतंत सारख्या असाव्यात म्हणून प्रत्येक उधारीला फोन करून दुसऱ्या दुकानाला कळवायचे, असा नियम. एके दिवशी फोन बंद पडला. दारात गिऱ्हाईक उभे. आता दोनच मार्ग आहेत. गिऱ्हाइकाला माल द्यावा आणि वह्यांत तात्पुरता फरक पडू द्यावा. किंवा वह्या सारख्या राहाव्यात म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवावे. तिसरा मार्ग नाही. कितीही बुद्धिमान माणूस आणा, कितीही पैसे ओता; तार तुटलेली असताना वहीही जपायची आणि गिऱ्हाईकही, हे गणितालाच मंजूर नाही.

म्हणजेच आराखडेकाराला निवड करावीच लागते. आणि वही निवडायची की माणूस, हे विज्ञान सांगत नाही. ती नीतीची निवड आहे. आमच्या रेशनच्या यंत्रणेने बहुतेक वेळा वही निवडली, हे माझे म्हणणे आहे. आणि निवडताना ती निवड आहे हे कोणाला सांगितलेही नाही, हा माझा आरोप आहे.

‘तार तुटल्यावर सारे थांबावे हेच सुरक्षित,’ असा एक युक्तिवाद केला जातो. तो ऐकला की मला रेल्वे आठवते. जुन्या हाताच्या सिग्नलला तार जोडलेली असे. ती तार तुटली, तर हात आपल्या भाराने आडवा पडून गाडी थांबावी, अशी त्याची रचना होती. काय सुंदर विचार आहे! तुटलेल्या तारेचा अर्थ ‘धोका’ असाच घ्यायचा, कारण गाडी नाहक थांबली तर अर्धा तास जातो, नाहक सुटली तर माणसे जातात. पण ह्या विचाराचे मर्म ‘थांबणे’ हे नव्हे. ‘चूक झालीच, तर ती कमी घातक बाजूला व्हावी’ हे त्याचे मर्म आहे. आता हीच कसोटी रेशनला लावा. नाहक धान्य दिले गेले, तर कोणाकडे पाच किलो तांदूळ जास्त जातील. नाहक नाकारले, तर कोणाची चूल पेटणार नाही. ह्यांतली कमी घातक चूक कोणती, हे सांगायला अभियंता हवा काय? रेल्वेचा सिग्नल थांबण्याकडे कलला पाहिजे आणि रेशनची तागडी देण्याकडे. आमच्या शहाण्यांनी सिग्नलचा हात नेऊन तागडीला जोडला!

आणि रेल्वेने तरी सारी अक्कल केंद्रात कोंडली आहे काय? आमच्या दारावरून जाणारी कोकण रेल्वेच पाहा. १९९८ साली ती सलग सुरू झाली. रोह्यापासून ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, बोगदे, खोल कापण्या, नद्या. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि ५० हून अधिक माणसे दगावली. डोंगर कोणत्या क्षणी सुटेल हे बेलापूरच्या मुख्य कार्यालयात बसून कळणार नाही, हे ह्या रेल्वेला ठाऊक आहे. म्हणून पावसाळ्यात धोक्याच्या जागी गस्तवाले रात्रंदिवस हिंडत असतात. कापण्यांतून सुमारे दर किलोमीटरला स्टेशनशी बोलण्याची सोय आहे. रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावर वारा मोजणारे यंत्र आहे. पाऊस इतका झाला की पुढचे दिसेना, तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणावा, अशी गाडी चालवणाऱ्याला आधीच आज्ञा आहे. आणि रुळावर दगड दिसला, तर गस्तवाला गाडी थांबवतो. कंदील हातात असलेल्या त्या माणसाने वरून परवानगी येण्याची वाट पाहावी, असे कोणी म्हणेल काय?

ह्याच कोकण रेल्वेने, बी. राजाराम हे तिचे व्यवस्थापकीय संचालक असताना, गाड्यांची टक्कर टाळणारे एक यंत्र घडवले. ‘रक्षाकवच’ त्याचे नाव. इंजिनात एक, गार्डाच्या डब्यात एक, स्टेशनात एक, फाटकावर एक. ही यंत्रे उपग्रहावरून आपापली जागा ओळखत, जवळ आली की बिनतारी संदेशांनी आपसांत बोलत आणि धोका दिसला की स्वतःच ब्रेक लावत. मुख्यालयाला विचारणे नाही! ईशान्य सीमांत रेल्वेवर ते बसवूनही पाहिले गेले. पुढे भारतीय रेल्वेने निराळी वाट धरली, आणि आज ज्याला ‘कवच’ म्हणतात ती यंत्रणा वेगळी आहे. ते यंत्र निर्दोष होते, असे मी म्हणत नाही. पण संकटाच्या क्षणी निर्णय जागेवरच्या यंत्राने घ्यावा, हा विचार कोकणाला परका नव्हता, एवढे त्यावरून खास दिसते.

मिरकरवाड्याच्या बंदरावरचा कोणीही खलाशी हेच सांगेल. नौकेचा मालक किनाऱ्यावर असतो, पण समुद्रात शब्द चालतो तांडेलाचा. वादळात जाळे कापावे की नाही, हे विचारायला तो किनाऱ्यावर माणूस धाडीत नाही. मालकाला हिशेब हवा असतो, तो परतल्यावर मिळतो.

आणखी दूर जाऊ. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चंद्रयान-३’चे विक्रम हे यान चंद्रावर उतरले, तेव्हा घराघरांत लोक हात जोडून बसले होते. त्या अखेरच्या मिनिटांत बंगळूरचे शास्त्रज्ञही, एका अर्थी, हात जोडूनच बसले होते. चंद्रापर्यंत संदेश जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात. उतरत्या यानाला तेवढी वाट पाहता येत नाही. म्हणून उंची मोजणे, वेग आवरणे, खडक टाळून सपाट जागा निवडणे हे सारे त्या यंत्रमानवाने स्वतः करावे, अशी त्याची रचना केली होती. आम्ही पावणेचार लाख किलोमीटरांवरच्या यंत्राच्या विवेकावर विश्वास टाकला, आणि जगाने टाळ्या वाजवल्या. मग गावच्या दुकानातल्या यंत्राला, समोरच्या ओळखीच्या बाईला तिच्याच हक्काचे तांदूळ मोजून देण्याचा विवेक का देता येऊ नये?

येथे प्रतिपक्ष आपला हुकमाचा पत्ता टाकतो: चोरी! खोटी कार्डे होती, दुकानदार काळ्या बाजारात धान्य विकत, ते ह्या मशीनने आटोक्यात आले. ह्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारीत नाही. शिवाय २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे परमुलखात राबणाऱ्या मजुराला तेथेच धान्य मिळू लागले. मधल्या सामाईक वहीवाचून ते शक्य नव्हते. ती वही जाळून टाका, असे मी म्हणतच नाही. माझे म्हणणे एवढेच की, वही दिसेनाशी झाल्यावर काय करायचे हे यंत्राला शिकवून ठेवा.

ते अशक्य आहे काय? जिथे रोख पैशाचा प्रश्न, तिथे रिझर्व्ह बँकेइतके सावध कोण असणार? त्या बँकेने जानेवारी २०२२ मध्ये जाळ्यावाचून डिजिटल पैसे देण्याला वाट करून दिली. एका वेळी २०० रुपये आणि एकूण २००० रुपये, अशी मर्यादा तिने तेव्हा घातली. पुढे ती वाढवली. धोका नाकारला नाही, धोक्याला कुंपण घातले. शहाणपणाची रचना ती हीच. रेशनमध्ये तर हे कुंपण आयतेच आहे. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबात माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. म्हणजे एका कार्डावर जास्तीत जास्त चूक होऊन होऊन होणार किती? एका महिन्याच्या धान्याची!

मग असे करा. दुकानाशी जोडलेल्या कार्डांची यादी दुकानाच्याच मशीनमध्ये ठेवा. रेंज नसेल, तर ह्या यादीतल्या माणसाला त्या महिन्याचे धान्य देण्याचा अधिकार मशीनला द्या. ओळख पटवायला आधार कार्डावरचा ठिपक्यांचा चौकोन आहे. त्यात नाव, पत्ता आणि छायाचित्र डिजिटल सहीनिशी भरलेले असते आणि ते जाळ्यावाचूनही तपासता येते. दिलेल्याची नोंद मशीन स्वतःजवळ ठेवील आणि रेंज आली की वर पाठवील. कोणी दोनदा नेले असेल, तर पुढल्या महिन्यात वळते करा. परगावच्या कार्डापुरते हवे तर थांबा. आणि दुकानदारावर नजर ठेवायला गावाची दक्षता समिती कायद्यानेच सांगितली आहे. तिच्यापुढे यादी मोठ्याने वाचा. गावाइतका कडक हिशेबनीस दिल्लीतही सापडणार नाही.

‘असे आदेश आहेत,’ असेही मला सांगितले जाईल. आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना लिहिले होते की, अंगठा जुळला नाही किंवा जाळे मिळाले नाही म्हणून हक्कदाराला परत पाठवू नये, नोंदवहीत लिहून धान्य द्यावे. त्याच्या आदल्याच महिन्यात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली होती. आधारशी न जोडल्यामुळे कार्ड रद्द झाले, धान्य बंद झाले आणि पोर भुकेने गेली, असे घरच्यांनी सांगितले; तिला मलेरिया झाला होता, असे सरकारी यंत्रणेने सांगितले. हा वाद मी येथे मिटवू शकत नाही. पण कार्डांची वही स्वच्छ ठेवण्याच्या भरात ह्या देशात असा वाद उद्भवू शकतो, हेच मला भयंकर वाटते. परिपत्रक निघाले, ते फायलीत लागले. मशीन परिपत्रके वाचीत नाही! तिच्या आत जे लिहिले असेल, तेवढाच तिचा कायदा. ज्या आदेशाचा यंत्राच्या रचनेत शिरकाव झाला नाही, तो आदेश दुकानदाराच्या हिमतीवर सोडलेला असतो. आणि आपल्या परवान्याला जपणाऱ्या दुकानदाराची हिंमत किती असणार?

बुद्धीची वाण आहे, असेही नाही. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवे तसे महासंगणक देण्याचे नाकारले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले विजय भटकर तिचे प्रमुख झाले. एकच अजस्र मेंदू बनवण्याच्या नादी न लागता, लहान लहान मेंदू एकमेकांना जोडून त्यांनी काम वाटून दिले, आणि १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला. काम वाटता येते, विचारही वाटता येतो, हे पुण्याने तीस वर्षांपूर्वीच सिद्ध केले. वाटायचा राहिला आहे तो अधिकार. आणि तो वाटण्यात अडचण यंत्राची नाही. खालच्या माणसावर विश्वास टाकण्याची आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल, तेव्हा पुणे, बंगळूर, हैदराबादेहून मुले-मुली दिवाळीला घरी आलेली असतील. त्यांतली कितीतरी ह्याच उद्योगात आहेत. ते चौकोन आणि ते बाण काढणारी बोटे आपल्याच घरची आहेत. त्यांच्या पगाराचे कौतुक आपण दरवर्षी करतो. ह्या वर्षी फराळाचे ताट पुढे ठेवून त्यांना एक प्रश्न विचारा: ‘बाळा, तू आखलेल्या यंत्रणेची तार तुटली, तर थांबतो कोण? वही, की माणूस?’ उत्तर पटकन आले नाही, तर ताटात आणखी एक चकली वाढा. पण प्रश्न मागे घेऊ नका.